अणदूरच्या बांधावरची आण

आमच्या हॅम रेडिओ क्लबात माणसं दहा-बारा आणि नियम त्याहून जास्त. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग आपल्याला चार-सहा अक्षरांची एक खूण मिळते आणि ती सांगून हवेतून बोलता येतं. मोबाइल असताना हे कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. त्यांच्याशी वाद घालायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. भूकंपानंतर आमच्या भागात फोन बंद पडले आणि कुठून तरी आलेल्या दोन माणसांनी गाडीच्या बॅटरीवर सेट लावून निरोप पोचवले, ते त्यानं जवळून पाहिलं होतं. तिथून त्याला हे वेड लागलं. लग्नानंतर मलाही परीक्षेला बसवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे नापास व्हायची सोय नव्हती.

तो मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात गेला. छातीत दुखतंय म्हणाला, सोलापूरला नेलं, आणि परत आणलं ते वेगळ्या गाडीतून. मला काही झालं नाही. हे असं लोकांना सांगता येत नाही, पण खरं तेच आहे. घरात माणसं भरली होती आणि चहात साखर किती टाकायची ते मी सांगत होते. नणंद मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, रडून घे, मोकळी हो. मी खरंच प्रयत्न केला. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा ओठाला हात लावला तर तो आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. मला वाटलं दोन दिवसांनी उतरेल. ते उतरलंच नाही, आणि मग मी त्याची वाट बघणंही सोडून दिलं.

शाळा सुरू ठेवली. रविवारी सकाळी क्लबची हजेरी असते, तीही चुकवली नाही. एकेकानं हवेत यायचं, आपली खूण सांगायची, तुमचा आवाज कसा येतोय ते सांगायचं, आपल्याकडचं हवामान सांगायचं आणि बाजूला व्हायचं. राजकारण, धर्म, धंदा यावर हवेत बोलायचं नाही हा नियम. घरगुती दुःखांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, पण कुणी ती काढत नाही. "वहिनी, तुमचा आवाज स्वच्छ, ताकद चांगली," असं अध्यक्ष म्हणायचे आणि माझं काम संपायचं. आठवड्यात तेवढा एकच अर्धा तास असा होता की मला कुणी कशी आहेस विचारत नव्हतं. मी त्या अर्ध्या तासाची उपकृत होते.

आमच्याकडची परिस्थिती तशी काही रेडिओला धार्जिणी नाही. मधे बालाघाटाचे डोंगर आडवे. ईट गावाकडचे एक सभासद आहेत, त्यांचा आवाज थंडीत खणखणीत येतो आणि उन्हाळ्यात गायब होतो. पठारावर जिकडे तिकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्यात, त्यांच्या पात्यांवर आपटून लहरी भलतीकडेच वळतात. चैत्र-वैशाखात दहा वाजल्यानंतर सेट हातात धरवत नाही इतका तापतो. तरी अध्यक्षांचा हट्ट की वर्षातून दोनदा मैदानी कार्यक्रम झालाच पाहिजे. अध्यक्ष म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे. स्वतःच्या बायकोशीही ते नियमावर बोट ठेवून बोलत असावेत असा माझा कयास आहे.

त्या मैदानी कार्यक्रमातला सगळ्यांचा आवडता खेळ म्हणजे कोल्ह्याची शिकार. अध्यक्ष आदल्या दिवशी जाऊन एक छोटी पेटी कुठं तरी लपवून येतात. ती पेटी एकसारखा टी-टी आवाज हवेत सोडत राहते. तीच आमचा कोल्हा. आम्ही हातात अँटेना धरून तो आवाज कुठून येतोय ते हुडकत जायचं आणि पेटीपर्यंत पोचायचं. अँटेना घरीच केलेली असते, पांढऱ्या पाइपाच्या नळीवर शिंप्याकडच्या नव्हे, गवंड्याकडच्या पोलादी टेपाचे तुकडे आडवे लावलेले. अंगात क्लबचं भगवट रंगाचं जाकीट. उभ्या पिकात शिरायचं नाही, शेतमालकाला आधी राम राम घालायचा, पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही, हे अध्यक्षांचे खास नियम.

यंदाच्या उन्हाळ्यातली शिकार अणदूरच्या बाजूला होती. मी स्कूटरवर गेले. जायची इच्छा होती असं नाही आणि नव्हती असंही नाही. तिथं गेल्यावर कुठल्या दिशेला जायचं ते यंत्र सांगतं, एवढं पुरेसं होतं. बाकीची मंडळी पवनचक्क्यांमुळे फसली आणि पार नळदुर्गाच्या दिशेला निघून गेली. ती काय बोलताहेत ते मला सेटवर ऐकू येत होतं. मी मात्र रस्ता सोडून एका पायवाटेला लागले. तूर काढून झालेल्या रानातून, धसकटं चुकवत, अँटेना डावीकडे-उजवीकडे फिरवत चालले होते. एका बांधावरच्या बाभळीपाशी आवाज इतका वाढला की कानातला इअरफोन काढावा लागला. काट्यांत हात घालून पाहिलं, तर पेटी तिथंच होती.

मी मान वर केली तर बांधाच्या पलीकडे एक बाई उभी. माझ्याच वयाची असेल. हातात पाण्याचा तांब्या. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"बसा की वाईच," ती म्हणाली. "उनाचं कुठं हिंडताय. पाणी घ्या."

नियमाप्रमाणे मी पाणी घेतलं. तिनं विचारलं, कोणत्या खात्याच्या. जाकिटामुळे हा प्रश्न येतोच. मी खातं नाही म्हणाले, आमचा क्लब आहे, हा खेळ आहे. पेटी दाखवली. ही आवाज सोडते आणि हे यंत्र तो हुडकतं.

तिनं पेटी हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हंजी तुमीच लपवायचं आन् तुमीच हुडकायचं," ती म्हणाली.

"हो."

"आन् त्यात काय गावतं?"

"काही नाही."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि हसली. गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी चिडवलं नव्हतं. सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे बोलायचे. मला ते बरं वाटलं असं म्हणायला हवं, पण तेव्हा बरंही वाटलं नाही. नुसतं लक्षात राहिलं.

मग तिनं सांगितलं ते असं. रान दोन भावांचं, अजून फोड झालेली नाही. धाकट्याची ही बायको. धाकटा वारला, त्याला काही वर्षं झाली. उद्या सकाळी बोरची गाडी येणार होती, आणि बोर ती स्वतःच्या पैशानं पाडत होती. पण पाडायची कुठं यावर घरात वाद पेटला होता. तिनं बोलावलेल्या पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून इथं, या बाभळीच्या बांधाला खूण केली होती. मग मोठ्या दिरानं दुसरा पाणाड्या आणला. त्याची उंबराची काडी वळली ती नेमकी दिराच्या घराला लागून असलेल्या बांधावर.

"पानी कुठं हाय ते त्या नारळाला बी ठावं न्हाय आन् काडीला बी," ती म्हणाली. "मला येवढं कळतंय, जिथं बोर तिथं मोटर, तिथंच स्टार्टरची पेटी. ती त्यांच्या दारात गेली तर म्या रोज जाऊन इचारायचं का, भावजी, आज लावू का मोटर? पैसा माझा, आन् पानी मागायचं त्यांच्याकडं? एक डाव मागाया लागलं की जलमभर मागाया लागतंय."

दूरवर दिराच्या घरापाशी तीन-चार माणसं उठून उभी राहिलेली दिसली. त्यांनी मला अँटेना फिरवताना पाहिलं होतं.

"त्येंला वाटतंय तुमी पान्याच्या मशीनवाल्या हायती," ती म्हणाली. "मगाशी पोरगं सांगत आलं, सरकारी बाई आलीया, पानी बघती म्हनून. वाटू द्या की. तुमी येवढंच करा. त्येंच्या खुणंपाशी मशीन फिरवा, आन् हितं फिरवा. पेटी पुना झुडपात ठिवा."

तिला सगळं समजलं होतं. पेटीचं, यंत्राचं, आवाजाचं. मी शाळेत जे समजवायला आठवडा घालवते ते तिला एका तांब्याभर पाण्यात समजलं, आणि त्याचा उपयोगही तिनं तेवढ्यातच काढला होता.

इथं मी काही तरी विचार करायला हवा होता. विज्ञानाची शिक्षिका, असल्या गोष्टींविरुद्ध वर्गात तावातावानं बोलणारी. पण मला ना तिची दया आली, ना राग आला, ना धाडस केल्यासारखं वाटलं. नाही म्हणायला कारणं द्यावी लागतात आणि मला कारणं द्यायचा कंटाळा आला होता. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणायची. मी पेटी परत काट्यांत ठेवली.

दीर आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, स्वच्छ टोपी घातलेला माणूस. मला तो दुष्ट वाटला नाही. त्यालाही आपल्या दारात पाणी हवं होतं एवढंच. त्यानं मला राम राम घातला, अदबीनं तुम्ही-तुम्ही करून बोलला, यंत्र कुठं बनतं विचारलं. मग आम्ही सगळे त्याच्या खुणेपाशी गेलो. तिथं दगडाला शेंदूर लावून ठेवला होता. जवळचा शोध घ्यायचा म्हणून मी सेट आधीच अगदी मंद करून ठेवलेला होता, त्यामुळे तिथं अँटेना कशीही फिरवली तरी काही वाजेना. मग आम्ही बाभळीच्या बांधाकडे चालत आलो आणि जसजसे जवळ आलो तसतसा टी-टी आवाज वाढत गेला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं चपला काढल्या.

सेटमधून मधेच अध्यक्षांचा आवाज आला, "वहिनी, कोल्हा सापडला का?" मी बोलण्याची तेवढी वाहिनी बंद केली. कुणी काही विचारलं नाही. सरकारी माणसांच्या यंत्रातून असलं काही ऐकू येतंच, असं त्यांनी धरून चाललं असावं.

दीर म्हणाला, "वाईच माझ्या हातात द्या." दिली. तो स्वतः अँटेना घेऊन दोनदा आपल्या खुणेपर्यंत गेला आणि परत आला. तिकडं गप्प, इकडं आवाज. त्यानं माझी अँटेना जपून परत दिली. मशीनवर त्याचा विश्वास बसला होता. बसला नव्हता तो माझ्यावर.

"राग मानू नका बाई," तो म्हणाला. "पर तुमी आन् आमची भावजय मगापासनं बोलत हुता. माझ्या डोक्यात ऱ्हाईल ते. एक डाव सांगून टाका म्हंजी मन साफ." त्यानं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, खंडोबाचा, पिवळाधमक, आणि तळहातावर धरला. "भंडारा उचला आन् मालकाची आण घेऊन सांगा, मशीननं पानी हितंच दावलं म्हनून. मग म्या तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

माझ्या कपाळाला टिकली होती. ती मी सोडलेली नाही. ठरवून नव्हे, सकाळी आरशासमोर हात जातो आणि लागते. गळ्यात काय आहे नि काय नाही ते जाकिटाखाली झाकलेलं. मालक आहेत हे त्यानं बघून ठरवलं होतं.

आणि तेव्हा ती बाई मधे आली. इतका वेळ ती पदर खोचून, हिशेबानं, शांत उभी होती. ती एकदम म्हणाली, "न्हाय न्हाय. आण नगं."

"का गं?" दीर म्हणाला.

"परक्या बाईला कशाला मालकाची आण? देव गावात हाय सध्या. लागू हुती." अणदूरचा खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला राहायला जातो, उन्हाळ्यात मात्र तो अणदूरलाच असतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ऱ्हाऊ द्या भावजी. तुमच्याच बांधाला घ्या बोर. माझं काय म्हननं न्हाय."

म्हणजे माझ्यासाठी ती बोर सोडून द्यायला तयार झाली. जिच्यासाठी तिनं एवढा खेळ मांडला होता ती स्टार्टरची पेटी, ती जन्मभराची मोकळीक, सगळं तिनं एका वाक्यात खाली ठेवलं, का तर माझ्या नवऱ्याला काही होऊ नये.

मी भंडारा उचलला. माझ्या मालकाची आण, मशीननं पाणी इथंच दाखवलं, असं मी स्पष्ट म्हणाले. हवेत खूण सांगताना म्हणतो तसं, एकेक शब्द सुटा करून. ही आण मला फुकट होती. ज्याचं काही वाईट व्हायचं तो माणूस शिल्लकच नव्हता. हे मला उचलतानाच कळलं, अगदी स्वच्छ कळलं, की आता माझं कुणी काही करू शकत नाही. कळलं तरी आत काही हललं नाही.

दिरानं भंडारा माझ्या कपाळाला लावला, स्वतःच्या लावला, आणि त्याच पावली जाऊन बाभळीच्या बांधाला दगड रोवायला सांगितलं. शब्दाचा पक्का निघाला. मंडळी पांगल्यावर मी झुडपातून पेटी काढली आणि पिशवीत टाकली.

ती मला स्कूटरपर्यंत पोचवायला आली. रस्त्याला लागल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"कशापायी घेतली आण?" ती म्हणाली. "म्या सांगत हुते न्हवं नगं म्हनून?"

"काही होत नाही," मी म्हणाले.

"तुमाला काय ठावं! म्या बी घेतली हुती. भावाला गुपचूप एक ज्वारीचं पोतं दिलं हुतं. सासूनं इचारलं, म्या म्हनलं न्हाय दिलं, ह्येंची आण. ज्वारीच्या पोत्यापायी. त्याच साली गेले." तिचे डोळे भरून आले. "पुना कुनी खोटी आण घेताना म्या बगितलं न्हवतं. आज माझ्यापायी घेतली तुमी."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण 'गेले' हा शब्द मी तोवर कुणालाच सांगितलेला नव्हता. ज्यांना कळायचं त्यांना कळलेलं होतं, मला कधी उच्चारावाच लागला नव्हता. मी स्कूटरला किक मारली. तिनं माझा नंबर मागितला, मी दिला. कोल्हा मी पकडला म्हणून अध्यक्षांनी त्या दिवशी मला एक टॉर्च बक्षीस दिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. बोरला पाणी लागलं होतं. दोन इंची. धो-धो नव्हे, पण भाजीपाला आणि जनावरं भागतील इतकं. स्टार्टरची पेटीही बाभळीपाशीच बसणार होती, किल्ली तिच्या कमरेला. दीर सगळ्या गावाला मशीनवाल्या बाईचं सांगत सुटला होता. मी चांगलं झालं म्हणाले. चांगलंच झालं होतं. एका बाईला पाणी मिळालं आणि मान कुणापुढं खाली घालावी लागणार नव्हती, याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि आनंद कसा असतो ते मला आठवतही होतं.

"आन् मालक?" तिनं विचारलं. "मालक बरे हायत न्हवं?"

"बरे आहेत," मी म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण अमावास्या झाली की तिचा फोन यायला लागला. आधी रानाचं सांगायची, भेंडी लावली, वांगी लावली, दीर मोटर लावायला तिच्याकडे माणूस पाठवतो. मग जरा थांबायची आणि विचारायची. मालक बरे हायत न्हवं? तब्येत बरी हाय? दुसऱ्या वेळी मी तिला खरं सांगायचं ठरवलं. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं, की ते त्या आणेच्या कितीतरी आधीच गेले, तुमचा काही दोष नाही. "एक सांगायचं होतं मालकांचं," एवढंच मी म्हणाले, आणि तिकडे तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. "काय झालं?" ती म्हणाली. तो आवाज ऐकल्यावर माझी खात्री पटली, की आधीच गेले म्हटलं तर ती मानणार नाही. तिचं मन राखायला मी तारीख मागं ढकलली, असंच ती धरून चालेल. मी तिच्या जागी असते तर मीही तेच धरलं असतं. "काही नाही," मी म्हणाले, "जरा खोकला होता, आता बरा आहे."

ती मोठी चूक झाली. खोकल्याच्या नावानं तिनं पाच रविवार धरले. एसटीच्या कंडक्टरच्या हाती तुळस, अडुळसा आणि देवाचा अंगारा पाठवला. तेव्हापासून माझ्या नवऱ्याला साधी सर्दीही परवडत नाही. तो रोज सकाळी फिरायला जातो. त्याला भूक लागते. मी तिला हे सगळं सांगते आणि सांगता सांगता मला सुचत जातं. तो गच्चीवर अँटेना नीट करतोय. तो अंघोळीला गेलाय. तो मला म्हणत होता, त्या बाईंना एकदा घरी बोलाव.

त्याच्याविषयी इतकं बोलायची मला सवय नव्हती. तो असतानाही मी इतकं बोलले नसेन. शाळेत कुणी विचारत नाही, नातेवाईक विषय टाळतात, क्लबात हवामान सांगायचं असतं. जगात फक्त एक बाई अशी होती जी अमावास्येला फोन करून माझ्या नवऱ्याची विचारपूस करायची, आणि मी फोनची वाट बघायला लागले होते.

गेल्या अमावास्येला आला तो फोन. वांगी बाजारात गेली म्हणाली, चांगली गेली. मग नेहमीसारखी थांबली. मी म्हणाले, बरे आहेत.

"बाई, राग नगा धरू," ती म्हणाली. "माझ्या जिवाला लागलंय म्हनून म्हनते. एक डाव त्येंच्याकडं फोन द्या. म्या बोलनार न्हाय काय. नुसता आवाज ऐकते आन् ठिवते. मग पुना तरास न्हाय द्यायची तुमाला."

मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकर झाला होता.

"बाहेर गेलेत," मी म्हणाले.

"कवा येत्याल?"

साधा प्रश्न होता. घरी फोन करून कुणीही विचारतं. येतील तासाभरानं, संध्याकाळी येतील, काहीही चाललं असतं. मी तोंड उघडलं आणि मला एकाएकी समजलं की तो येणार नाही. हे मला माहीत होतं, इतके महिने माहीत होतं, पण समजलं ते त्या क्षणी, कुणी तरी सरळ विचारल्यावर. तो येणारच नाही. माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला, मला तो माझा वाटला नाही, आणि मग मी ओट्याला धरून खाली बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, लाज सोडून, थांबवता येईना असं.

"बाई," तिकडून ती म्हणत होती. "ओ बाई. काय झालं? बाई, काय झालं सांगा की."

हळूहळू तिनं विचारणं सोडलं. ती काय समजली असेल ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मला रडणं थांबवता आलं नाही.